जातं चढवणारा जगूदादा

जगन्नाथ पार्टे या माणसाची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी व्हॅन कशेडी घाटातल्या एका वळणावर गटारात आडवी झाली होती आणि मी शेजारच्या दगडावर डोकं धरून बसलो होतो. महाडात माझं औषधांचं दुकान आहे. खेडहून माल घेऊन परत येत होतो. कुणीतरी फोन केला आणि पोलादपूरच्या बाजूनं एक जुनाट पिवळी क्रेन घरघरत वर आली. त्यातून एक बुटका, रुंद खांद्यांचा, पन्नाशीकडं झुकलेला माणूस उतरला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, उकिडवा बसून खालून बघितलं आणि मग माझ्याकडं वळला.

"लागलंय का कुठं?"

"नाही."

"मग घाई बी नाय." त्यानं हातमोजे घातले. "बोला, काय करायचं? मागनं वढू का कडंनं उचलू?"

"अहो, तुम्हालाच कळतं त्यातलं."

"मला कळतं. पन गाडी तुमची हाय."

मी उगाच रुबाबात म्हणालो, "मागून ओढा." त्यानं मागून ओढली. गाडी वर आली, पण येताना कठड्याला घासून आरसा गेला. मी आरशाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तो शांतपणे दोर गुंडाळत म्हणाला, "मागनं म्हनलात."

जगूदादा सगळा असाच होता. माणसाला निवड करू द्यायची आणि मग त्या निवडीचं जे होईल ते होऊ द्यायचं. पुढं सहा-सात वर्षं त्यानं आम्हाला याच पद्धतीनं एका नसलेल्या मुलखातून फिरवलं, पण त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. मी आरशाचं दुःख करत महाडला आलो.

खेळ आणला मंगेशनं. मंगेश म्हणजे जगूदादाचा चुलतभाऊ, वयानं बराच लहान, मुंबईत लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. एका गणपतीत तो गावी आला तो खिशात वीस बाजूंचा एक फासा घेऊन. मुंबईत त्याचे दोस्त सुट्टीच्या दिवशी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळायचे. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतली एकेक माणसं व्हायचं. समोर दरी आली, तर तुम्ही सांगायचं, मी उडी मारतो. ती जमली की नाही ते फासा सांगणार. मोठा आकडा पडला तर पलीकडं, लहान पडला तर खाली. बस्स, एवढंच. हरणं-जिंकणं नाही, गोष्ट पुढं जात राहते.

मंगेशला खेळायला माणसं हवी होती. मी आरशाची ओळख धरून जगूदादाकडं जाऊ-येऊ लागलो होतो, म्हणून मला धरलं. माझ्या दुकानात काउंटरला संगीता नावाची मुलगी होती, तोंडाची तिखट आणि हिशेबाला चोख. मी तिला घेऊन गेलो. जगूदादाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ग्रीसच्या वासात, आम्ही चौघं बसलो. संगीता झाली दुर्गी नावाची लढवय्यी. मंगेश झाला जादूगार, शिवाय गोष्टही तोच सांगणार. मी चोर व्हायचं ठरवलं, तर जगूदादा म्हणाला, "मेडिकलवाल्याला चोराचं सोंग कशाला घ्यायला लागतंय?" तेव्हापासून तो मला 'मेडिकल' म्हणायला लागला तो कायमचा.

गोष्ट मंगेश सांगत होता, पण ती काही केल्या रंगेना. त्याच्या गोष्टीत बर्फाचे डोंगर होते आणि कसले कसले राजवाडे होते. दुसऱ्या दिवशी जगूदादानं फासा त्याच्या हातातून काढून घेतला. "तू जादू कर. गोष्ट मी सांगतो."

आणि त्यानं सांगितली. एका मुलखात सात घाट. सातव्या घाटाच्या माथ्यावर एक राक्षसीण राहते, तिला थोरली म्हणतात. ती वाईट नाही, फक्त मोठी आहे. ती रोज जात्यावर दळायची आणि तिच्या दळण्याच्या घरघरीनं खालच्या खोऱ्यातलं धान्य पिकायचं. कुणीतरी तिचं जातं चोरून समुद्राकाठी नेलं. तेव्हापासून खोऱ्यात एक दाणा भरत नाही. तुम्हाला ते जातं सापडलंय. ते सात घाट चढवून वर न्यायचं आहे.

"जातं केवढं?" संगीतानं विचारलं.

जगूदादानं शेडबाहेरच्या क्रेनकडं मान वळवली. "तेवढं."

पहिला घाट अर्धा झाला आणि मंगेशची सुट्टी संपली. त्याची पिशवी भरलेली, गाडीची वेळ झालेली. आम्ही म्हटलं, राहिलं आता, पुढच्या गणपतीत बघू. जगूदादाला ते पटेना. "जातं चढावर हाय. असं टाकून जाता येतं व्हय? खाली येईल." मग तोच म्हणाला, "लिवून खेळू की. फोन हाय ना सगळ्यांकडं."

असा तो मोबाईलवरचा ग्रुप सुरू झाला. जगूदादा एका बोटानं टाइप करायचा, बोलायचा तसंच लिहायचा. घाटात बोलावणं येईपर्यंत क्रेनच्या केबिनमध्ये बसून तो त्या दिवसाचा मजकूर टाकायचा. 'पुडं वळान हाय. वळनावर दगुड निसटल्यात. खाली पान्याचा आवाज. बोला काय करता.' आम्ही आपापल्या वेळेला उत्तरं द्यायचो. मी गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, मंगेश कुठल्या तरी इमारतीच्या गच्चीवरून. फासा टाकायचा तो जगूदादाच, ग्रीसच्या डब्याच्या झाकणात. टाकला की फोटो काढून पाठवायचा. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात त्याचा काळ्या नखाचा अंगठा असायचाच. मंगेशनं एकदा लिहिलं, दादा, फोटो कशाला, विश्वास आहे. त्यावर उत्तर आलं, 'फासा खोटं बोलत नाय. मानूस बोलतो. फोटु बघ.'

त्याची आणखी एक रीत होती. आमच्यापैकी कुणाच्या घरी काही अडचण आली की तो लिहायचा, 'मुक्काम.' म्हणजे गोष्टीतल्या माणसांनी जात्यामागं दगड लावून शेकोटी करायची आणि बसायचं. कुणी काही लिहिलं नाही तरी चालेल. महाडात पुराचं पाणी शिरलं आणि माझ्या दुकानात छातीपर्यंत चिखल झाला, तेव्हा तो क्रेन घेऊन आला, माझे फ्रीज आणि कपाटं उचलून बाहेर काढली, आणि संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, 'मेडिकलचं दुकान धुवून व्हईपत्तुर मुक्काम.' दुकान धुवायला महिना गेला. महिनाभर आमची शेकोटी जळत होती.

मंगेश सांगायचा की असले लिहून खेळायचे खेळ मुंबईत रोज सुरू होतात आणि रोज बंद पडतात. चार दिवस सगळे हौसेनं लिहितात, मग एक गळतो, मग दुसरा, आणि गोष्ट तशीच लटकून राहते. शेवटाला गेलेला खेळ त्याच्या दोस्तांपैकी कुणीच बघितला नव्हता. हे ऐकून जगूदादाला राग आला, खराखुरा. "अर्ध्यावर सोडत्यात? मंग घ्यायचंच कशाला दोराला?"

आणि ज्याची भीती होती तेच झालं. गळला तो मंगेशच.

पाचव्या घाटाखाली नदी होती. जातं तराफ्यावरून नेताना मंगेशच्या जादूगाराला फासा वाईट पडला आणि तो प्रवाहात गेला. मंगेशनं लिहिलं, दादा, एकदा परत टाक ना. जगूदादानं अंगठ्यासकट फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पडलास. पन मेलास असं मी म्हनलं का? बोल काय करतोस.'

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. फोन केला तर उचलेना. मग कुणाकडून तरी कळलं की त्याची कंपनी बंद झाली आहे, घरी त्यानं सांगितलेलं नाही, आणि खोलीतून तो फारसा बाहेर पडत नाही.

संगीता तेव्हा लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या धनगरवाडीत गेली होती. तिचा नवरा मुंबईला कामाला, ती सासूबरोबर शेरडं राखायची. वाडीच्या वर एक सपाट कातळ होता, तिथंच काय ती रेंज यायची. रोज दुपारी कातळावर येऊन ती एकच ओळ लिहायची. 'दुर्गी नदीत दोर टाकते.' मी एकदा जगूदादाला म्हणालो की मंगेशला बाजूला ठेवून आपण पुढं जाऊ, नाहीतर खेळ मरेल. तो माझ्याकडं असा बघत राहिला की मी विषय बदलला.

जगूदादाला मुंबईचं वावडं होतं. उभ्या आयुष्यात तो दोनदा गेला होता, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मयताला. पण एका सकाळी त्यानं क्रेनची चावी खिशात घातली, तांदळाची एक पिशवी घेतली आणि एसटीत बसला. नालासोपाऱ्याच्या त्या खोलीत काय झालं ते मंगेशनं मला नंतर सांगितलं.

दार उघडल्यावर मंगेश दचकला. "दादा? इकडं कुठं?"

"तुला बघाया." जगूदादा आत येऊन बसला, तांब्याभर पाणी प्याला. नोकरीचं विचारलंच नाही. म्हणाला, "ती पोरगी रोज दोर टाकते, तू धरत नायस."

मंगेश चिडला. "दादा, खेळ हाय तो! हितं माझी नोकरी गेलीय, खायाचे वांधे हायत, आनि तू मला नदीचं सांगतोस?"

"मला ठावं हाय खेळ हाय. नोकरी मला देता येत नाय. दोर देता येतो."

मंगेश म्हणाला, त्यानंतर आपण किती वेळ रडलो ते आठवत नाही. जगूदादा बाजूला बसून पिशवीतले तांदूळ निवडत होता. खडे नव्हतेच त्यात, तरी निवडत होता. मग त्यानं भात टाकला. जेवल्यावर मंगेशनं फोन हातात घेतला आणि ग्रुपवर तीन शब्द आले. 'मी दोर पकडला.'

मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी खोकल्याच्या औषधाऐवजी पोटदुखीचं काढून दिलं आणि परत घेतलं. तेवढ्यात कातळावरून उत्तर आलं. 'ओढते. घट्ट धर.'

तो पावसाळा मंगेश पोलादपूरला राहिला, क्रेनवर दादाबरोबर काम केलं. घाटात दरडी कोसळत होत्या, कामाला तोटा नव्हता. पाऊस सरल्यावर त्याला मस्कतला लिफ्टचंच चांगलं काम मिळालं. तो गेला, पण खेळ सुटला नाही. उलट तिकडून तो जास्त लिहायला लागला.

मग सहाव्या घाटात वेगळंच संकट आलं. जगूदादाचा फोन एका ट्रकच्या चाकाखाली गेला. पिठासारखा चुरा झाला. नवीन घेतला, पण जुनं सगळं लिखाण गेलं. माझ्याकडचं तर आधीच पुरात बुडालं होतं. मंगेशनं मस्कतला गेल्यावर फोन बदललेला. संगीताचा फोन भरला की ती जुनं पुसून टाकायची. आणि जगूदादाला, ज्यानं ही सगळी गोष्ट रचली त्याला, चौथ्या घाटातल्या राखणदाराला आम्ही काय शब्द दिला होता तेच आठवेना. परत येताना तो शब्द पाळायचा होता. तो फार अस्वस्थ झाला. मला म्हणाला, "मेडिकल, आता खोटं सांगायला लागनार."

दुपारी, संगीता कातळावर असायच्या वेळेला, मी तिला फोन लावून दिला. ती म्हणाली, "दादा, वाडीवर या. वाडीला इचारा."

त्याला काही कळलं नाही, पण तो चढून गेला. मीही गेलो. कातळाखाली, आंब्याच्या सावलीत संगीताची सासू बसली होती. बायजा तिचं नाव, सत्तरीची, कपाळावर उन्हानं पडलेल्या घड्या. आजूबाजूला चार-पाच बायका, दोन म्हातारे. संगीता म्हणाली, "आत्याबाय, चौथ्या घाटाचं सांगा."

बायजानं घसा साफ केला. "चौथ्या घाटाचा राखनदार आंधळा व्हता. त्यानं हात लावून जातं वळखलं. म्हनला, थोरलीच्या पयल्या दळनातलं मूठभर पीठ मला आना, मंग सोडतो. ही म्हनली आनते."

"आनि चोरानं त्याची काठी चोरली," एक म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला. "लाज नाय वाटली?"

कळलं ते असं, की संगीता रोज कातळावरून उतरल्यावर आलेला मजकूर शेरडं वळताना सासूला सांगायची. सासूनं तो पाणवठ्यावर सांगितला, पाणवठ्यावरून तो घराघरांत गेला. वाडीला पहिल्या घाटापासून सगळं पाठ होतं. मंगेश नदीत पडला तेव्हा या बायकांनी ग्रामदेवीला नारळ बोलला होता.

जगूदादा खाली बसला. त्याला वाटत होतं आपलं तीनच माणसं ऐकतात. त्यानं माझ्याकडं बोट केलं. मग त्यानं विचारलं, "काठी परत दिली का यानं?"

"नाय अजून," बायजा म्हणाली.

"देईल," जगूदादा म्हणाला. आणि मला ती द्यावी लागली.

सातव्या घाटाचा शेवटचा चढ आला तेव्हा वाडीनं निरोप धाडला की शेवट कातळावर व्हायला पाहिजे. मी दुकान बंद ठेवलं. जगूदादा नवा शर्ट घालून आला. मंगेश मस्कतहून व्हिडिओवर होता, त्याचा फोन एका पोत्याला टेकवून ठेवला होता. भर दुपार, आभाळ निवळ, समोर सगळं खोरं खाली पसरलेलं. कातळावर घोंगड्या अंथरल्या होत्या आणि सगळी वाडी येऊन बसली होती.

मी म्हटलं, "दादा, आता सगळे इथंच आहेत, तोंडानंच सांग."

"नाय." तो ठाम होता. "लिवून सुरू केलाय, लिवूनच संपवायचा." आणि तो उठला, कातळाच्या पार कडेला एका हिरड्याच्या झाडाखाली आमच्याकडं पाठ करून बसला आणि एका बोटानं टाइप करू लागला. फोन वाजला की संगीता मोठ्यानं वाचायची. मग ती उत्तर लिहायची, आणि वाडी त्या हिरड्याखालच्या पाठीकडं बघत बसायची.

'शेवटचा चढ. उबा हाय. दोर झिजलाय. चौदाच्या वर पडाया पायजे. आज फासा संगीतानं टाकायचा.'

संगीतानं फासा घोंगडीवर टाकला. सहा.

तिनं आकडा लिहून धाडला. फोन वाजला. 'दोर तुटला. जातं मागं सरकतंय. खाली मेडिकल हाय.'

म्हणजे मी. माझा चोर जात्याखाली येणार होता. एवढ्यात बायजा गुडघ्यांवर उठून ओरडली, "अगो, बघतीस काय? मागं दगुड लाव! दगुड!" आणि मग सगळ्या बायका, सगळे म्हातारे एकदम, "दगुड लावा! दगुड लावा!" पोत्याला टेकवलेल्या फोनमधून मंगेश ओरडत होता की माझी जादूची काठी घाला, काठी घाला मधे.

संगीतानं लिहिलं, 'वाडी दगड लावते. मंगेश काठी घालतो.'

हिरड्याखालची पाठ हलली नाही. मग उत्तर आलं. 'एवडी मानसं लावत्यात तर थांबंल. थांबलं. मेडिकल वाचला. आता परत दोर बांदा, समद्यांनी मिळून वढा. बाराच्या वर.'

या वेळी फासा बायजाच्या हातात दिला. तिनं तो कपाळाला लावला आणि टाकला. सोळा.

जो आवाज झाला तो खाली पोलादपुरात ऐकू गेला असेल. जगूदादा मात्र टाइपच करत होता. तो शेवटचा मजकूर खूप वेळ आला नाही. आला तेव्हा संगीतानं उभं राहून वाचला. थोरली बाहेर आली. तिनं जात्यावरची धूळ पदरानं पुसली. ओंजळभर नाचणी टाकून दळायला बसली. सातही घाटांना घरघर ऐकू गेली. पहिलं मूठभर पीठ आंधळ्या राखणदाराला काढून ठेवलं. राहिलेल्या पिठाची भाकरी भाजली आणि ती जो नदीत पडून परत आला होता त्याला दिली. खोऱ्यात दाणा भरला. संपलं.

मंगेशचं तोंड फोनमध्ये दिसेना, त्यानं फोन छातीला धरला होता. कुणीतरी ढोल आणला. बायजाबाई नाचली, गुडघे दुखत असताना नाचली. संगीतानं दोन्ही हात वर केले होते आणि ती खाली घ्यायचं विसरून गेली होती. आम्ही पुरं केलं होतं. कुणीच पुरं करत नाही ते.

हिरड्याखालून जगूदादा हळूहळू आला. फोनची काच नव्या शर्टाला पुसत होता. त्यानं संगीताला विचारलं, अगदी हळू, "बरं झालं का गो?"

तिनं खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं घाबरून पाय मागं घेतले.

कशेडीला बोगदा झाला तशी घाटातली वाहतूक गेली आणि क्रेनचं काम आटलं. काही महिन्यांनी जगूदादाला कर्नाटकात पवनचक्क्यांवर काम मिळालं, तेही चांगलं, क्रेनसकट. तो निघाला त्या सकाळी मी पोलादपूरला नाक्यावर गेलो, त्याला रक्तदाबाच्या गोळ्या द्यायच्या होत्या. बाजाराचा दिवस होता. बायजाबाई डोक्यावर पाटी घेऊन खाली आली होती. तिनं केबिनच्या पायरीवर हात ठेवून विचारलं, "आता पुडं काय रं जगू?"

"पुडं काय नाय आत्ये. संपली." हे सांगताना त्याची छाती एवढी फुगली होती की शर्टाची गुंडी ताणली.

तो क्रेन रस्त्यावर घेऊ लागला. ती जुनी क्रेन, एका झटक्यात वळत नव्हती. पुढं, मागं, परत पुढं. मागं एक ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा राहिला. बायजानं पाटी खाली ठेवली आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन ट्रकसमोर उभी राहिली.

"थांब की! कोन चाललाय ठावं हाय का? सात घाट जातं चढवलंय त्यानं!"

ट्रकवाल्यानं क्रेनकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आणि काय समजला देव जाणे, इंजिन बंद केलं. जगूदादा समोर बघत, कानांच्या पाळ्या लालभडक, ट्रकच्या पुढून हळूहळू निघून गेला.